अकरावा पॉइंट

आमचे मेहुणे गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे कोपनहेगनला जाऊन आले. तेव्हापासून त्यांच्याशी कुठल्याही विषयावर बोला, गाडी कोपनहेगनला जाऊन थांबते. गवार महागली म्हणावं तर तिथल्या भाजीचा भाव निघतो, तोही क्रोनरमध्ये, आणि मग आपल्याला उभ्याउभ्या गुणाकार करून दाखवतात. मांजर आडवं गेलं तर तिथली मांजरं कशी सिग्नल पाळतात ते ऐकायला मिळतं. हिला महाकालाचं दर्शन घ्यायचं होतंच. ती म्हणाली, "दादा, परक्यांची राजधानी पाहिलीत, आता आपल्यांचीही एक बघा." आणि फेब्रुवारीत आम्ही चौघं उज्जैनला निघालो.

"राजधानी?" दादांनी चष्म्यावरून पाहिलं. "मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ."

आता हे खरंच. पण उज्जैन अवंती जनपदाची राजधानी होती, तरुण अशोकानं इथं सुभेदारी केली, विक्रमादित्याचं सिंहासन गोष्टीत का होईना इथंच होतं. आणि साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे राणोजी शिंदे माळव्यात आले तेव्हा त्यांनीही हेच गाव आपलं ठाणं केलं. दौलतरावांनी १८१०मध्ये बिऱ्हाड ग्वाल्हेरला हलवलं, तोवर शिंद्यांची राजधानी हीच. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत इथल्या कचेरीत मोडी लिहिली जात होती. दादांनी एवढं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे बघायला काय आहे पण?"

कोपनहेगनला बघायला काय आहे, हे मला त्यांच्यामुळे पाठ आहे. समुद्राकाठी खडकावर एक छोटी जलपरी बसलेली आहे. १९१३ सालची, काशाची, उंची सव्वा मीटर. आमच्या जिन्यातला रबराचा प्लँट तिच्याहून उंच आहे. पण तिला बघायला बसगाड्या भरभरून लोक येतात, तिच्यासोबत फोटो काढतात आणि 'एवढीशीच?' म्हणत परत जातात. दादाही तसंच म्हणत परत आले आणि आता तिचा फोटो त्यांच्या फोनच्या पडद्यावर आहे.

उज्जैन स्टेशनच्या बाहेर पाऊल ठेवलं की 'बघायला काय आहे' या प्रश्नाचं उत्तर आपणहून अंगावर येतं. आमच्यापुढे आलेल्या रिक्षावाल्याच्या हातात प्लॅस्टिक चढवलेलं कार्ड होतं. एका बाजूला महाकाल, दुसऱ्या बाजूला यादी. "बाबूजी, दस पॉइंट. तीन घंटे में पूरा उज्जैन." अवंतिकेची अडीच हजार वर्षं तीन तासांत म्हणजे तासाला आठशेच्या वर पडली. दर वाजवी वाटला. मी यादी वाचली. हरसिद्धी, चिंतामण गणेश, गढकालिका, भर्तृहरी गुंफा, कालभैरव, सिद्धवट, मंगळनाथ, सांदीपनी आश्रम, रामघाट, गोपाळ मंदिर.

"वेधशाळा नाही यात?"

"वो?" त्याला माझी कीव आली असावी. "वहाँ कुछ नहीं है बाबूजी. दीवारें हैं."

"अकरावा पॉइंट समजा," मी म्हणालो. त्यानं पन्नास रुपये वाढवून घेतले.

पण त्याआधी रात्रीचा प्रश्न होता. उज्जैनचा राजा एकच, महाकाल. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या राजानं इथं रात्र काढायची नाही, काढली तर गादी जाते, अशी समजूत आहे. मुख्यमंत्री, मंत्री दिवसा येऊन अंधार पडायच्या आत निघत. डिसेंबर २०२३मध्ये उज्जैनचेच मोहन यादव मुख्यमंत्री झाले आणि 'मी राजा नव्हे, महाकालाचा मुलगा' असं म्हणून आपल्या घरी झोपले. रिक्षावाल्यानं हे सगळं रंगवून सांगितल्यावर दादा गप्प झाले. ते अकरा वर्षं आमच्या हाउसिंग सोसायटीचे चेअरमन आहेत आणि मार्चमध्ये निवडणूक होती. शेवटी त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ये सिर्फ सरकारी लोगों के लिए है ना?" तो म्हणाला, "आप आराम से सोइए." हे उत्तर दादांना फारसं आवडलं नाही. धोक्यातून सुटले, पण पदाची काही गणतीच झाली नाही.

महाकालाच्या दर्शनाबद्दल मी फार लिहीत नाही. भस्मारती पहाटे चारला, आम्ही रांगेत दोनला. पुरुषांना धोतर, बायकांना साडी. प्रत्यक्ष भस्म चढतं तेव्हा बायकांनी पदर तोंडावरून घ्यायचा. हिनं घेतला आणि नंतर मला विचारलं, "नक्की काय झालं ते सांगा." मला समोरच्या उंच गृहस्थाची मान दिसली होती. ती मी सांगितली. बाहेर नवा महाकाल लोक आहे, २०२२मध्ये खुला झालेला, लांबच लांब, दिव्यांनी लखलखलेला. मे २०२३च्या वादळात तिथल्या सप्तर्षींपैकी सहा जण आडवे झाले होते, ते फायबरचे होते. जुनं देऊळ बाकी भक्कम उभं आहे. अल्तमशानं ते तेराव्या शतकात पाडलं आणि अठराव्या शतकात राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभं केलं. तिथल्या गर्दीत हे नाव फारसं कुणी काढत नाही. दादांनी मात्र काढलं, मोठ्यांदा, आणि "पुढे चला, पुढे चला" म्हणणाऱ्या पोलिसालाही ते ऐकवलं.

इथल्या देवाला दोन पंचांगं सांभाळावी लागतात हे मला पुजाऱ्यांकडून कळलं. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्याहून पंधरा दिवस आधी लागतो. महाकालाची पालखी श्रावणी सोमवारी नगर बघायला निघते. मग कुठल्या श्रावणातल्या सोमवारी? शिंदेशाहीत या भांडणाचा निकाल असा लागला की दोन्ही श्रावणांत. त्यांचा श्रावण लागला की सवारी सुरू, ती आपला श्रावण संपेपर्यंत, मग त्यांच्या भाद्रपदाचे पंधरा दिवस त्यात गेले तरी चालेल. आमच्या सोसायटीत दोन पक्षांचं भांडण कधी इतक्या गोडीनं मिटल्याचं आठवत नाही. दादांनी ते वहीत टिपून घेतलं.

सकाळी पोहे. पुण्याच्या माणसाला पोह्यांबद्दल परप्रांतात शिकवणं हा उद्धटपणा आहे, पण माळवा तो करतो. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं, त्यावर पोह्यांचं पसरट भांडं, आणि पोहे तासन् तास त्या वाफेवर मऊ राहतात. तेल जेमतेम. वरून मूठभर शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे, जिरावण नावाचा मसाला, बाजूला गरम जिलबी. हिनं पहिला घास घेऊन "फोडणी कुठाय?" असं विचारलं, दुसरा घास घेऊन काही विचारलं नाही, आणि तिसरी बशी मागताना "जिलबी वाया जाईल म्हणून" असं कारण दिलं.

मग पॉइंट सुरू झाले. हरसिद्धीच्या अंगणात दोन दीपमाळा आहेत, इतक्या उंच की जेजुरीची आठवण यावी. दोन्ही मिळून हजारावर दिवे, आणि चढून पेटवणारी माणसं दगडांच्या खुंट्यांवर पाय देत भराभरा वर जातात. या दीपमाळा पाहिल्या की माळव्यात घाटावरून कोण आलं होतं हे पाटी न वाचता कळतं. भर्तृहरीची गुंफा ठेंगणी, अंधारी. नीती, शृंगार आणि वैराग्य अशी तीन शतकं लिहिणारा हा राजा आपल्याला वामन पंडितांच्या मराठीतून शाळेत भेटलेला. छत डोक्याला लागलं तेव्हा तिघांपैकी वैराग्यच आधी आठवलं. सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकला म्हणतात. शेजारचा भाग अंकपात, म्हणजे पाटीवरचे आकडे धुवायची जागा. दादांचा नातू कोपनहेगनच्या बालवाडीत जातो. तिथे सहा वर्षांपर्यंत नुसतं खेळायला लावतात म्हणे. दादांना कृष्णाचा अभ्यासक्रम जास्त पटला.

मंगळनाथाला मंगळाचं जन्मस्थान मानतात. पिंडीवर शिजवलेल्या भाताचा लेप चढतो, त्याला भातपूजा म्हणतात. ओट्यावर महाराष्ट्रातली दोन कुटुंबं दिसली, दोन्ही पत्रिकेसाठी आलेली. पूजा होईपर्यंत मुलीची आई आणि मुलाची आई यांची चांगलीच ओळख झाली होती. भाताचा गुण इतक्या लवकर येतो हे मला ठाऊक नव्हतं.

कालभैरवाला दारूचा नैवेद्य. देवळाच्या दारात फुलांच्या दुकानांशेजारीच तेव्हा बाटल्यांचं दुकान होतं, एप्रिल २०२५मध्ये ते बंद झालं. पुजारी बशीत ओतून ती बशी मूर्तीच्या ओठांना तिरकी लावतात. बघताबघता बशी रिकामी. कुठे जाते ते दादांनी तीन कोनांतून वाकून पाहिलं. मूर्तीच्या डोक्यावर पगडी असते, ती शिंद्यांची. महादजींनी आपली पगडी इथं वाहिली आणि तेव्हापासून घराण्यातून पगडी येते असं सांगतात. अडचण वेगळीच झाली. अर्धी बाटली प्रसाद म्हणून परत मिळते. आमच्या घरात प्रसाद टाकायचा नाही हा दंडक आहे, आणि दारूला शिवायचं नाही हाही. वहिनींनी बाटली पदराखाली घेतली, मग पिशवीत ठेवली, मग पिशवी माझ्याकडे दिली. शेवटी रिक्षावाल्यानं "शाम को, ड्यूटी के बाद" असा शब्द देऊन आमची सोडवणूक केली.

यादीतलं शेवटचं ठिकाण मात्र मी घाईत उरकू दिलं नाही. गोपाळ मंदिर भर बाजारात आहे, छत्री चौकापाशी. ते बांधलं बायजाबाई शिंद्यांनी. कागलच्या घाटग्यांची ही लेक, दौलतरावांची बायको, नवऱ्यामागे १८२७पासून सहा वर्षं राज्य चालवलेली, घोड्यावर पक्की. आतली चांदीची दारं सोमनाथाची, गझनीहून लाहोरला गेलेली आणि महादजींनी परत आणलेली अशी गोष्ट आहे. गोष्ट खरी की खोटी हे दाराला विचारता येत नाही, पण चांदीवर हात फिरवून फिरवून एक पट्टा उजळ झालेला दिसतो. वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री महाकालाची पालखी इथं गोपाळाला भेटायला येते. विष्णूला बेल वाहतात, शिवाला तुळस. त्याच अंगणात पाटावर वाती वळत बसलेल्या एका आजींनी आम्हाला ओळखलं. "पुण्याहून येऊन राहिले का तुम्ही?" त्यांचं घराणं सात पिढ्यांचं उज्जैनी. त्यांची मराठी हिंदीच्या फोडणीची, पण आमच्या नातवंडांच्या मराठीहून कितीतरी बरी. त्यांनी हिला विचारलं, "पुण्यात काय बघण्यासारखं आहे?" हिला शनिवारवाड्याच्या पुढे काही सुचेना. कधी गेलोय आम्ही?

गाव दाखवण्याच्या बाबतीत कालिदासाचा यक्ष रिक्षावाल्याचा गुरू. रामगिरीहून, म्हणजे बरेच जण म्हणतात त्याप्रमाणे आपल्या रामटेकहून, ढगाला उत्तरेला अलकेला जायचं आहे. सरळ वाट सोडून तो त्याला सांगतो, थोडं वाकडं पडेल, पण उज्जयिनी बघूनच जा, नाहीतर डोळे असून फुकट. आणि महाकालापाशी भलत्या वेळी पोचलास तरी सूर्य मावळेपर्यंत थांब, संध्याकाळच्या पूजेत नगारा वाजव. चिंतामणराव देशमुखांपासून कुसुमाग्रज, शांता शेळक्यांपर्यंत किती जणांनी मेघदूत मराठीत आणलं, पण बायकोला निरोप पोचवायची एवढी घाई असलेला हा माणूस निरोप्यालाच फिरायला का पाठवतो, याचं कुणाला नवल वाटलेलं दिसत नाही. हिच्या मते तो पुरुषच होता, एवढं कारण पुरे.

वाकड्या वाटेचा दुसरा माणूस उज्जैनचाच, विष्णू श्रीधर वाकणकर. १९५७मध्ये भोपाळकडे जाताना गाडीच्या खिडकीतून त्यांना टेकड्यांवरचे खडक दिसले. युरोपातल्या चित्रगुंफांच्या खडकांसारखे वाटले म्हणून ते तिकडे वळले, आणि भीमबेटकाची हजारो वर्षांपूर्वीची चित्रं जगाला मिळाली. २००३मध्ये ते ठिकाण जागतिक वारसा झालं. त्याच गाडीतून त्या दिवशी शेकडो माणसं वेळेवर आपापल्या मुक्कामाला पोचली असणार.

तर अकरावा पॉइंट. जयपूरचा सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदारही होता, त्यानं पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि ही. मथुरेची आता नाही. हिचीही पडझड झाली होती. माधवराव शिंद्यांनी १९२३मध्ये दुरुस्त करवली आणि ती गोविंद सदाशिव आपट्यांच्या हाती दिली. रिक्षावाला म्हणाला ते खरं होतं. भिंती आहेत. पण गाव निवडलं ते उगाच नव्हे. आपल्या जुन्या ज्योतिषाचं शून्य रेखांश इथून जात असे. लंकेपासून अवंतीवरून कुरुक्षेत्राकडे जाणारी रेघ, आजच्या ग्रिनिचच्या जागी. सगळ्या देशाचं पंचांग या गावाच्या मध्यान्हावर मोजायचं. काळाचा देव इथं आणि काळ मोजायची रेघही इथंच.

आम्ही पोचलो तेव्हा आवारात एक माळी, दोन शाळकरी मुलं आणि एक दाखवणारे गृहस्थ होते. नाडीवलय यंत्राची फक्त दक्षिणेकडची तबकडी उजळली होती. सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे तोवर उत्तरेकडची सावलीतच राहणार, मार्चमध्ये पाळी बदलणार. सम्राट यंत्र म्हणजे एक तिरकी पायऱ्यांची भिंत, बरोबर उज्जैनच्या अक्षांशाएवढ्या कोनात ध्रुवाकडे रोखलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना चुन्याचे दोन वाकडे पंख, त्यांवर खुणा. सकाळ असल्यानं भिंतीची सावली पश्चिमेच्या पंखावर पडली होती.

"कडेला बोट ठेवा," गृहस्थ म्हणाले. दादांनी ठेवलं. सावलीची कड सुरीसारखी नसते, जरा भुरकट असते, त्यामुळे बोट नेमकं कुठे ठेवायचं यावर मिनिटभर गेलं. तेवढ्यात कड सरकली. मिनिट-दीड मिनिटात करंगळीच्या रुंदीइतकी. ढकलल्यासारखी नाही, पण नजर काढून पुन्हा पाहावं तर बोट उन्हात. दादांनी बोट पुन्हा ठेवलं. पुन्हा उन्हात. असं त्यांनी सहा वेळा केलं.

"दहा एकोणचाळीस," खूण वाचून गृहस्थ म्हणाले.

माझ्या घड्याळात अकरा वीस झाले होते. "एक्केचाळीस मिनिटं मागे आहे हे," दादा विजयानं म्हणाले.

"आपकी घड़ी आगे है," गृहस्थ म्हणाले आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे वळले. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळची. उज्जैन त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे इथं सूर्य सत्तावीस मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. शिवाय पृथ्वी वर्षभर एका चालीनं चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य आणखी चौदा मिनिटं मागे रेंगाळतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे पळतो. तक्त्यात तारीख बघून मिनिटं मिळवायची की मनगटावरची वेळ येते. आम्ही मिळवली. अकरा वीस. तीन शतकांपूर्वीचा चुना आणि माझं सेलवरचं घड्याळ यांचं जमलं.

दादा म्हणाले, "कोपनहेगनला असा एक मनोरा आहे." मी मनाशी म्हटलं, आलं. पण हे मी आधी ऐकलेलं नव्हतं. तिथल्या राजानं १६४२मध्ये तारे बघायला गोल मनोरा बांधला. आत पायऱ्या नाहीत, साडेसात फेरे घेत चढत जाणारा रस्ता आहे, आणि रशियाचा पीटर त्यावरून घोड्यावर बसून वर गेला होता. "तिथे वर जाऊन गाव पाहिलं. तारे कुणीच पाहत नव्हतं, दुपार होती," दादा म्हणाले. "इथं निदान काम चालू आहे."

एवढं बोलून त्यांनी घड्याळ काढलं आणि एक्केचाळीस मिनिटं मागे लावलं. दिवसभर ते उज्जयिनीच्या वेळेनं वागले. जेवण लांबलं, चहा लांबला, आणि शिप्रेच्या आरतीला रामघाटावर आम्ही पोचलो तेव्हा घाटावरचे पुजारी ताटं विसळत होते. रात्री त्यांना सांगावं लागलं की रेल्वे तेवढी अजून मिर्झापूरच्या वेळेनं सुटते.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा वेधशाळेत न्यायला लावलं. ढग आले होते. भिंत होती, पंख होते, खुणा होत्या, सावली नव्हती. माळी म्हणाला, "आज घड़ी बंद है." ज्या ढगाला कालिदासानं एवढ्या आग्रहानं या गावी बोलावलं, त्याला इथं मात्र कुणी विचारत नाही.

तेव्हा वेधशाळा पाहायची असेल तर आषाढ-श्रावणात जाऊ नका, त्यांच्याही नाही आणि आपल्याही नाही. दिवाळीनंतर, आभाळ स्वच्छ असेल अशा दिवशी, सकाळी दहा-साडेदहाला जा. आणि रिक्षात बसण्याआधीच अकरा पॉइंटांचे पैसे ठरवून घ्या.